ऑटिस्टिक मुलासाठी घरातून आधार कसा मिळवायचा? नागपूरच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेपाच वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी ऑटिझमचं निदान झालेलं. मानेवाड्याला एकत्र कुटुंब. सासूबाई म्हणतात, "याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, तूच उगाच पोराला डॉक्टरकडे फिरवून राहिली." नवरा ऐकून घेतो आणि गप्प बसतो. शाळेनं "पहिलीला दुसरीकडे बघा" असं तोंडी सांगितलंय. वर्षभरात तुम्ही एकाही लग्नाला गेला नाहीत. आणि शेवटी विचारलंय, नागपूर सोडून पुण्याला जावं का, तिथली माणसं जास्त समजून घेतात का?

मी विशेष शिक्षिका आहे, २२ वर्षं नागपुरात हेच काम करते. पुण्याचं आधी बोलू. थेरपीची केंद्रं तिथे जास्त आहेत, हे खरं. यजमानांची बदली ठरलेलीच असेल किंवा सख्खी बहीण तिथे राहत असेल, तर माझं उत्तर वेगळं असतं. पण फक्त माणसं चांगली मिळतील म्हणून जायचा विचार असेल, तर थांबा. तुमच्या मुलाला जिना माहीत आहे, गल्लीतलं कुत्रं माहीत आहे, किराणा दुकानदार माहीत आहे. ऑटिस्टिक मुलासाठी ओळखीची जागा ही फार मोठी शिदोरी असते. नव्या शहरात फ्लॅटचं दार लावून तुम्ही तिघंच उरलात, तर सासूबाईंचे टोमणे थांबतील, पण तुम्हाला अर्धा तास डोळा लागावा म्हणून पोराला धरणारंही कोणी नसेल. स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, यांची चांगली माणसं धंतोली-रामदासपेठेत आहेत, मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बालरोग आणि मनोविकार विभाग आहेत, केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, ज्याला सगळे सीआरसी म्हणतात, तेही नागपुरात आहे. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न शहराचा नाही असं मला वाटतं. या घरात आणि या गल्लीत माझ्या बाजूनं कोण उभं राहील, हा तुमचा प्रश्न आहे.

दोन वर्षं तुम्ही सगळ्यांना एकच गोष्ट मागताय: आम्हाला समजून घ्या. मागणी रास्त आहे. पण ज्याच्याकडे ती मागताय, त्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. सासूबाईंनी समजून घेतलं म्हणजे सकाळी उठून काय वेगळं केलं? त्यांना ठाऊक नाही. मग माणूस एकतर उपदेश करतो, नाहीतर अंग काढून घेतो. माझ्या अनुभवात घरातली माणसं आधी समजून घेतात आणि मग मदतीला येतात, असं फार कमी वेळा झालंय. बहुतेक घरांत उलटंच घडतं. हातात एक छोटं, रोजचं काम येतं, ते करताना पोर जवळून दिसतं, आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी तीच आजी शेजारणीला सांगते, "त्याले एकदम हात लावू नको, आधी सांग." म्हणून मी आता पालकांना सांगते, समजून घ्या म्हणू नका, काम मागा. एका माणसाला एकच काम, रोज त्याच वेळी.

इतवारीतल्या एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये एवढा बदल करून. मुलगा सात वर्षांचा, जेमतेम दहा-बारा शब्द. आजीचं म्हणणं होतं की सुनेनं मोबाइल दिला म्हणून पोरगा असा झाला. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण, आला की घरात रडारड ठरलेली. सकाळी मारबतीच्या मिरवणुकीचा गोंगाट घरावरून जायचा, संध्याकाळपर्यंत पोरगा कानावर हात घेऊन पलंगाखाली. शेजारची मुलं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायची, आणि हा तसाच आत. त्या वर्षी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. सकाळी आत्यानं त्याला तिच्या घरी न्यायचं, मिरवणूक पुढे गेल्यावरच आणायचं. आणि संध्याकाळचं काम आजीचं. फक्त तीन घरं, तीही तिच्या मैत्रिणींची. आजीनं दुपारीच जाऊन तिघींना सांगून यायचं की नाव विचारू नका, गालाला हात लावू नका, बोजारा त्याच्या तळहातावर ठेवा आणि जाऊ द्या.

पोरगा बैल ओढत नव्हता. उलटा करून चाकं फिरवत होता. पहिल्या घरी आजीला लाज वाटली, हे तिनंच मला नंतर सांगितलं. दुसऱ्या घरी तिनं मैत्रिणीला म्हटलं, "त्याला चाकं आवडतात." तिसऱ्या घरी त्यानं दहाची नोट मुठीत घट्ट धरली आणि घरी येऊन आईच्या हातात दिली. एवढंच झालं. तो बोलायला लागला नाही, काही चमत्कार झाला नाही. पण त्यानंतर त्या घरात मोबाइलचा विषय निघाला नाही. आजीला आता एक गोष्ट माहीत होती जी सुनेलाही माहीत नव्हती: दुसऱ्या घराची पायरी उंच आहे, तिथे त्याला आधी पाऊल दाखवावं लागतं.

तुमच्या सासूबाईंच्या बोलण्याकडेही मी जरा वेगळं बघते. "याचा बापही उशिरा बोलला" हा टोमणा म्हणून तुम्हाला लागतो, पण ती माहितीही आहे. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि घरात कोण उशिरा बोललं, कोण आवाजाला घाबरायचं, कोणाला एकाच विषयाचा नाद होता, हे असेसमेंट करणारे डॉक्टर विचारतातच. पुढच्या वेळी सासूबाईंना सोबत न्या आणि हे त्यांच्या तोंडून डॉक्टरांना सांगू द्या. घरातली सगळ्यात मोठी माहितगार म्हणून. फक्त "म्हणजे तुमच्याकडूनच आलं" असं चुकूनही म्हणू नका, भांडणात तर नाहीच. आईवर खापर फोडणं ही आपल्याच घरांची खोड नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या मुलांचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं अमेरिकेतले तज्ज्ञच म्हणत होते की आई प्रेमळ नसली की मूल असं होतं. ते साफ चुकीचं ठरलं. तुमच्या वागण्यामुळे हे झालेलं नाही. मोबाइलमुळे नाही, नोकरीमुळे नाही, गरोदरपणात तुम्ही रडलात म्हणूनही नाही. हे वाक्य लिहून ठेवा, कारण रात्री तीन वाजता तुम्हाला परत तेच वाटणार आहे.

आता यजमानांबद्दल. इथे मी एकदा फार वाईट चूक केली होती. काम सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका वडिलांना मी त्यांच्याच आईवडिलांसमोर सुनावलं, की पोर तुमचंही आहे, सगळं बायकोवर टाकू नका. ते उठून गेले. वर्षभर त्या मुलाला माझ्याकडे आणलं नाही. ते वर्ष मुलाचं गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. नंतर कळलं की ते रोज रात्री ऑफिसमध्ये बसून ऑटिझमबद्दल वाचायचे आणि घरी एक शब्द काढायचे नाहीत. गप्प बसणारा बाप बेफिकीर असतोच असं नाही. पुष्कळदा त्याला आईवडील आणि बायको यांच्यामध्ये कुठे उभं राहावं ते कळत नसतं. बोलायला लावू नका, फाइल द्या.

फाइल म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा अजून काढलेलं नाही. शिक्का बसेल अशी भीती घरोघरी असते. पण हे प्रमाणपत्र काही दारावर लावायचं नसतं, गरज पडेल तिथेच दाखवायचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, त्यात ऑटिझम आहे, आणि बरेचसे हक्क ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगतेच्या प्रमाणपत्राशी जोडलेले आहेत. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ऑटिझमची तीव्रता 'इसा' नावाच्या भारतीय मापनश्रेणीवर मोजतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० पेक्षा कमी आले तर ऑटिझम धरत नाहीत. नजर देतो का, एकटाच राहतो का, लागलं तरी कळत नाही असं होतं का, असे ते मुद्दे असतात आणि उत्तरं बरीचशी पालकांनी द्यायची असतात.

म्हणून सांगते, त्या दिवशी यजमानांना नेऊन बसवा. चाळीस वेळा स्वतःच्या मुलाबद्दल नेमकं उत्तर द्यावं लागलं की घरातला वाद बऱ्यापैकी मिटतो. मी आधी ज्या वडिलांबद्दल लिहिलं, ते परत आले तेव्हा मी त्यांना काहीच बोलले नाही, फक्त मुलाच्या तपासणीला सोबत जा म्हटलं. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "त्याला शर्टाचं लेबल टोचतं हे मला का नाही सांगितलं?" तिनं सांगितलं होतं, कितीतरी वेळा. जाताना मुलाचं पोट भरलेलं असू द्या, त्याच्या आवडीचं काहीतरी पिशवीत घ्या, आणि घरातले दोन-तीन व्हिडिओ फोनमध्ये ठेवा, कारण अनोळखी खोलीत तो वेगळाच वागेल. लहान मुलांना बहुतेकदा ठराविक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, पुढे परत तपासणी होते. त्यानं घाबरू नका.

हातात प्रमाणपत्र आलं की राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि ओपीडीतल्या थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. जुनी करप्रणाली घेत असाल तर यजमानांना आयकरात ७५,००० रुपयांची वजावट आहे, तीव्रता ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० ची. हे सगळं बापाचं काम. तुम्ही त्यात हात घालू नका, उशीर झाला तरी.

शाळेचं जास्त सविस्तर लिहिते, कारण तिथे तुमच्याकडे वेळ कमी आहे. तोंडी नकाराला किंमत देऊ नका. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या कुठल्याही शाळेला दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो, हे २०१६ च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांमध्येही दिव्यांग मुलं वंचित गटात येतात. तुमचा मुलगा पहिलीच्या उंबरठ्यावर आहे, आणि ते अर्ज ठराविक दिवसांतच भरता येतात, म्हणून प्रमाणपत्राची घाई करा असं म्हणते.

पण कायद्याचा कागद घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी जाऊ नका. तो पर्समध्ये असू द्या. टेबलावर दुसरा कागद ठेवा: एका पानावर तुमच्या मुलाची माहिती. त्याला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, त्रास झाला की आधी काय दिसतं, आणि तेव्हा काय करायचं. "सेन्सरी इश्यूज आहेत" असं लिहिलंत तर वर्गशिक्षिकेला काही उमगणार नाही. "डबा उघडल्यावर भाजीचा वास आला तर तो उठून जातो, खिडकीजवळ बसवलं तर बसतो" हे तिला कळतं. वर्गात चाळीस-पन्नास मुलं सांभाळणारी ती बाई तुमची शत्रू नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर १० विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं होतं. तुमच्या शाळेत एकही नसेल, तर ती बाई एकटीच लढतेय. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात, शहर साधन केंद्रात चौकशी करून त्यांची एक भेट शाळेत घडवून आणा. बाहेरचं माणूस येऊन बोललं की शाळेचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

शाळेतही तेच, एका माणसाला एक काम. एक मुलगी होती, शाळेची पितळी घंटा वाजली की किंचाळायची, बेंचखाली शिरायची. बाईंनी सगळं करून पाहिलं. शेवटी शिपाईकाकांनी विचारलं, हिलाच वाजवू दिली तर? पहिले चार दिवस ती फक्त हातोड्याला हात लावून उभी राहायची. पाचव्या दिवशी काकांच्या हातावर हात ठेवून एक ठोका दिला. आवाज कधी येणार हे आपल्याला माहीत असलं की तो अंगावर येत नाही. त्या वर्षी मधल्या सुट्टीची घंटा तिची होती. ही युक्ती मला सुचली नव्हती, मी इतकी वर्षं शिकलेली असून. आणि सगळ्यांना ती लागू पडेल असंही नाही. पुढे दुसऱ्या एका मुलावर हेच करायला गेलो तर तो आणखी घाबरला, दोन दिवसांत थांबवावं लागलं.

साधी शाळा की विशेष शाळा, याचं उत्तर तुमच्या मुलाला न बघता मी देणार नाही. तो रस्त्यावर पळतो का, स्वतःला मारून घेतो का, एकापाठोपाठ दोन गोष्टी करायची सूचना ऐकतो का, शाळा किती मोठी आहे, यावर ते ठरेल. विशेष शाळेत घातलं म्हणजे आपण हरलो, असं मात्र मनात आणू नका. दोन वर्षं तिथे राहून नंतर साध्या शाळेत नीट बसलेली मुलं माझ्याकडे आहेत.

लग्नांचं थोडक्यात. पूर्ण लग्नाला जायची गरज नाही. लॉनवर बँड-डीजे सुरू व्हायच्या आधी, हळदीला किंवा जेवणाच्या पहिल्या पंगतीला जा, अर्धा तास थांबा, निघा. त्याला घेऊन बाहेर पडायचं काम कोणाचं, ते घरूनच ठरवून जा. तेही तुमचं नसावं. गर्दीत त्याचा ताबा सुटला आणि कोणी "वळण लावलं नाही का" म्हणालं, तर उत्तर द्यायला थांबू नका. त्या क्षणी त्याला शांत जागा हवी असते आणि तुम्हाला तुमचा श्वास. नातेवाइकांना नंतर फोनवर सांगता येतं.

आणखी एक, कारण अशा वेळी घराघरातून हे सुचवलं जातं. स्टेम सेल, ऑक्सिजन चेंबर, शरीरातले धातू काढणारी औषधं, यांनी ऑटिझम जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. शेती विकून आलेले पालक मी पाहिलेत. तो पैसा स्पीच, ओटी आणि तुमच्या झोपेवर खर्च करा. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नका. जो "सहा महिन्यांत बरा करतो" म्हणेल, त्याच्याकडून उठून या.

आता तुमचं स्वतःचं. तुम्ही प्रश्नात सगळ्यांबद्दल लिहिलंय, स्वतःबद्दल एकच ओळ: "मी खूप थकले आहे." मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. कामांच्या वाटणीत पहिलं काम तुमच्या विश्रांतीचं असू द्या. आठवड्यातून एक तास, ठरलेल्या दिवशी, मुलगा दुसऱ्या कोणाकडे, आणि तुम्ही घराबाहेर. फुटाळा तलावाच्या काठावर बसा, मैत्रिणीकडे जा, काहीही करा, फक्त त्या तासात थेरपीचे व्हिडिओ बघू नका. झोप उडाली असेल, जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर मेडिकलच्या मनोविकार विभागात स्वतःसाठी केसपेपर काढा. दुसरं, जिथे थेरपीला जाता तिथल्या बाकावरच्या एका आईशी ओळख करा. तिला काही समजावून सांगावं लागणार नाही. बाकावर सुरू झालेल्या अशा मैत्रीतून पुढे पाच-सहा घरं मिळून मुलांचे वाढदिवस करायला लागल्याचं मी बघितलंय, फुगे न फोडता, गाणं हळू आवाजात.

सुरुवात या आठवड्यात एवढीच करा. सासूबाईंना एक काम द्या. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्याला शेजारी बसवायचं आणि काडेपेटी, वात, तेल या तीन वस्तू एकेक करून त्याच्याकडून मागायच्या. नाही दिल्या तरी चालेल, परत उद्या. यजमानांना स्वावलंबन पोर्टलचा अर्ज. आणि तुम्ही ते एक पान लिहायला घ्या. दोघांपैकी एकानं नकार दिला तर त्याच्या मागे लागू नका, आत्याकडे किंवा शेजारणीकडे काम सरकवा. शाळेत भेटायला जाताना यजमान सोबत हवेत, आणि मुख्याध्यापिकांनी परत नकार दिला तर आवाज न चढवता एवढंच म्हणा: "हेच लेखी द्याल का?" बहुतेक शाळा तिथेच थांबतात. खरंच लेखी दिलं, तर तो कागद जपून ठेवा. शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि गरज पडली तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. तक्रारीचा मजकूर कसा लिहायचा ते मी तुम्हाला सांगेन, शाळा काय म्हणाली ते मात्र शब्दशः लिहून आणा.